आठवा डबा

गोधड्यांचे डोंगर रचायला सालकिनला एरवी दहा मिनिटं पुरत. आज अर्धा तास झाला तरी तार-सूचं खोरं काही जमेना. लाल गोधडी म्हणजे किझिल-झोचा कडा. ती फुगली म्हणून दाबली, तर पार बसकीच झाली. निळी उशी म्हणजे ओढ्यापलीकडचा उंचवटा. ती सारखी घसरत होती. बिचाऱ्या गोधड्यांची काही चूक नव्हती. सालकिनलाच ते खोरं आज रचायचं नव्हतं, आणि का नव्हतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

कोक-बुलाकमध्ये टेलिफोनचं एक्स्चेंज होतं तेव्हा सालकिन तिथं बसायची. वीस वर्षं तिनं त्या खोलीत बसून खोऱ्यातल्या बायाबापड्यांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि वाजलेली घंटी कधी तिसऱ्यांदा वाजू दिली नाही. याचा तिला केवढा तोरा! पुढं तारा गेल्या, खांब लोकांनी उपटून गोठ्यांना लावले, पण खोलीची किल्ली सालकिनकडेच राहिली. त्यामुळं शहरातले इंजिनियर गेल्या वर्षी रेडिओचे डबे घेऊन आले, तेव्हा गावानं त्यांना सरळ तिच्याच दारात आणून सोडलं.

आठ डबे होते. डबा म्हणजे काठीवर बसवायचं एक लहानसं यंत्र, वर तळहाताएवढी सौर पाटी. एकानं निरोप घ्यायचा, दुसऱ्याकडे फेकायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, असं करत कुरणावरच्या तंबूतला निरोप गावात, सालकिनच्या खोलीतल्या संचावर. प्रत्येक तंबूला एक हातपेटी. चार शब्द लिहायचे, बटण दाबायचं. अट एकच : मध्ये डोंगर आला की निरोप अडला. अडलेला निरोप पेटी पोटात धरून ठेवते आणि वाट मिळाली की आपणहून सोडते. म्हाताऱ्या सादिरनं कुरणावरून तंबाखू मागवला होता, तो निरोप गावात पोचला नवव्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या दिवशी सादिर स्वतःच घरी येऊन धूर सोडत बसला होता. गाव अजून त्याला त्यावरून छळतं.

"जागा तुम्हीच ठरवा, डोंगर तुमचे आहेत," असं म्हणून इंजिनियर निघून गेले. नकाशा वाचणारं गावात कुणी नव्हतं. मग सालकिननं आपली रीत काढली. घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या-उशा खोलीत रचून खोरं उभं केलं. तंबूंच्या जागी चहाच्या वाट्या पालथ्या घातल्या, डब्यांच्या जागी कोटाची बटणं. बटणापासून वाटीपर्यंत लोकरीचा धागा ताणायचा. धागा गोधडीला टेकला तर जागा बाद. बसल्या बसल्या साऱ्या गावाला कळलं. इंजिनियरांना फोटो दाखवला तर ते हसले, आणि मग हसायचे थांबले, कारण सात डबे पहिल्याच फटक्यात बरोबर बसले होते.

आठवा डबा राहिला होता.

त्याची जागा ठरवायची सभा एप्रिलमध्ये भरली. आठव्या डब्याला दोन जागा होत्या. एक, खिंड. तिथून तार-सू ओढ्याचे दोन्ही काठ उघडे दिसतात, पण सालकिनच्या मुलाचा, उलानचा तंबू दूर डोंगराआडच्या घळीत, तो दिसत नाही. उलानला निरोप धाडायचा तर वीस मिनिटं टेकाड चढावं लागलं असतं. दुसरी जागा, किझिल-झोचा कडा. तिथून उलानचा तंबू समोर, आणि तार-सूचा अलीकडचा काठही समोर. पलीकडचा काठ मात्र उंचवट्याच्या आड.

अलीकडच्या काठावर कानिम्बूचा तंबू असे. कानिम्बू म्हणजे सालकिनची बालमैत्रीण. दोघी एका बाकावर बसल्या, एका वर्षी लग्न झालं, एकमेकींच्या पोरांना दोघींनी पाजलं. गेल्या मार्चमध्ये कानिम्बूचा नवरा ओसमोन गेला. सभा झाली तेव्हा दुखवट्याचा चाळिसावा दिवस व्हायचा होता, त्यामुळं कानिम्बू घरातच होती.

आणि कोक-बुलाकमध्ये ज्या घरात मरण झालं त्या घराचा तंबू पुढच्या उन्हाळ्यात जुन्या जागी उभा राहत नाही. तंबूचा तो गोल वर्षभर गवतासाठी सोडतात. गेलेला माणूस उन्हाळाभर तिथं बसून जनावरं बघतो म्हणतात. बिऱ्हाड ओढा ओलांडून पलीकडे जातं. हे पुरुषांच्या ध्यानात राहत नाही, ते काम बायकांचं. आणि सालकिननं तर ओसमोनच्या घरी तीन दिवस भांडी घासली होती, कानिम्बूचा दुखवट्याचा पांढरा रुमाल स्वतःच्या हातानं बांधला होता.

सभेत तिनं कानिम्बूची वाटी हातात घेतली. ओढ्याच्या निळ्या दोरीवर हात क्षणभर थांबला. मग तिनं वाटी अलीकडे, जुन्या गोलावर ठेवली.

"कानिम्बू याही वर्षी तिथंच बसणार का गं?" सादिरनं सहज विचारलं होतं.

"मग जाणार कुठं, आके?" सालकिन म्हणाली.

खोटंही बोलली नाही. नुसता प्रश्न विचारला. अशी सोय करून घ्यायला माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. धागा किझिल-झोवरून कानिम्बूच्या वाटीपर्यंत गेला, मग कड्यावरूनच उलानच्या वाटीपर्यंत गेला, कुठंही टेकला नाही. सभेला बाकी सगळे पुरुषच, सगळ्यांनी माना डोलावल्या. उलानची बायको चोल्पोन गरोदर होती, पहिलंच बाळंतपण, दिवस भरणार ऑगस्टात, ऐन कुरणावर. वीस मिनिटं टेकाड चढायचं म्हणजे काय, हे सालकिनला वाटी ठेवताना दिसत होतं. पलीकडचा काठही दिसत होता. तिनं एक बघितलं आणि दुसरं बघितलं नाही.

जूनमध्ये बिऱ्हाडं वर गेली. कानिम्बूचा पहिला निरोप आला : "पोचलो. गवत गुडघ्याएवढं. तुझी आठवण." सालकिनचा जीव भांड्यात पडला. पोचतोय म्हणजे! कदाचित उंचवटा तेवढा उंच नसेल. कदाचित कानिम्बू रिवाज मोडून जुन्या जागीच बसली असेल. कुठून पाठवलास, एवढं विचारलं असतं तर चार शब्दांत उत्तर आलं असतं. तिनं विचारलं नाही. तंबू पलीकडेच होता, पण कानिम्बूनं तो निरोप ओढ्याच्या अलीकडून, घोड्या दोहायच्या दाव्यापाशी उभं राहून धाडला होता.

जुलैच्या अकरा तारखेला सकाळी कानिम्बूचा मुलगा एमिल घोड्यावरून पडला आणि घोडा त्याच्या पायावर पडला. कानिम्बूनं तंबूबाहेर उभं राहून पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काही नाही. शेवटी पेटी एमिलच्या हातात कोंबली, "दाबत राहा" म्हणाली, आणि एकटी घोड्यावर बसून अडीच तास दौडत उलानच्या तंबूवर आली. उलाननं बटण दाबलं, आणि गावातल्या संचावर निरोप एका श्वासात आला. दुपारी मोटार वर गेली. संध्याकाळी एमिल जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तीन तास आधी आणला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

गावात मात्र उलटंच झालं. डब्यांनी एमिलचा जीव वाचवला, सालकिन एजेनं, आपल्या थोरल्या बहिणीनं वाचवला! बायका रस्त्यात हात धरून आशीर्वाद देऊ लागल्या. ऑगस्टात चोल्पोनला कळा सुरू झाल्या, निरोप एका श्वासात आला, सुईण वेळेवर पोचली, नात झाली. नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा सालकिनची नजर तिच्या चिमुकल्या पायांवर गेली, आणि तिनं ते झटकन दुपट्यात झाकले.

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे. त्याहून वाईट होतं ते कानिम्बूचं. ती कुणालाच दोष देत नव्हती. ती स्वतःच्या अंगठ्याला दोष देत होती.

*

गोधड्या कशाबशा उभ्या राहिल्या. माणसं आली, बूट दाराशी काढून भिंतीला टेकून बसली. पुढच्या उन्हाळ्याच्या जागा पक्क्या करायच्या होत्या. मधोमध पाव, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. सादिर नेहमीप्रमाणे डोंगराच्या अगदी कडेला बसला आणि टोपीनं त्यानं अर्धी खिंड पाडली.

"आके, डोंगर आहे तो, बसायची गादी नव्हे," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या वयात जे मऊ असेल ती गादीच."

हशा चालू असताना दार उघडलं आणि कानिम्बू आत आली. मागं काठी टेकत एमिल. हसणारे सावरून बसले. एमिललाच ते सहन होईना.

"काय झालं, कुणी मेलं का?" तो म्हणाला. "बरं आहे उलट. आता बुटांचा एक जोड दोन वर्षं पुरेल."

कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. कानिम्बू सालकिनजवळ बसली, अंगाला अंग लागेल इतकी जवळ, पूर्वी बाकावर बसायची तशी. तिनं शालीखालून रुमालात बांधलेली हातपेटी काढली आणि मधोमध ठेवली.

"ही घ्या बाई. ज्याला अक्कल आहे त्याला द्या," ती म्हणाली. "जूनमध्ये नीट दाबलं होतं मी. त्या दिवशी हात कापत होते, काहीतरी उलटसुलट दाबलं असणार. एवढंसं बटण. माझ्या अंगठ्यानं माझ्या पोराचा पाय खाल्ला."

"अगं, चार्ज कमी असेल," सादिर म्हणाला. "यंत्र शेवटी. माझ्या तंबाखूचं काय केलं त्यानं..."

"चार्ज होता, आके. एमिल दुपारपर्यंत दाबत होता, मग संपला. मी परत आले ती तशीच रुमालात बांधली. नंतर उघडून पाहायची छाती झाली नाही."

सालकिनला आताही सुटता आलं असतं. मूग गिळून बसली असती तर निभावून गेलं असतं. दुसऱ्या कुणाला पेटी मिळाली असती, कानिम्बूनं जन्मभर तो अंगठा मुठीत लपवला असता, आणि सालकिनला बायकांनी रस्त्यात आशीर्वाद दिले असते. तिला शेजारचा कानिम्बूचा खांदा लागत होता.

तिनं लोकरीचा गुंडा उचलला.

"कानिम्बू, हे टोक धर. त्या लाल गोधडीवर, बटणापाशी."

कानिम्बूनं टोक धरलं. सालकिननं जुन्या गोलावरची वाटी उचलली, निळी दोरी ओलांडली आणि वाटी पलीकडच्या काठावर ठेवली. मग धागा ताणला. धागा निळ्या उशीत रुतला. तिनं आणखी ताणला, तो आणखी रुतला.

कुणालाच काही सांगावं लागलं नाही. ही रीत सालकिननंच गावाला शिकवली होती.

"तुझा अंगठा बरोबर होता," सालकिन म्हणाली. "पेटीही बरोबर होती. डबा चुकीच्या जागी होता. मी ठेवला."

"चूक होते गं..." सादिर म्हणू लागला.

"चूक नव्हे, आके. तुम्ही मला विचारलं होतं. मला माहीत होतं ही ओढा ओलांडणार. मी वाटी अलीकडे ठेवली, कारण तिथून माझ्या उलानचा तंबू दिसत होता."

सादिरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कानिम्बूच्या हातात धाग्याचं टोक तसंच होतं.

"तुला तेव्हाच माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"आणि मी जूनमध्ये निरोप धाडला तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, बरं झालं. कुठून धाडलास ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं. उत्तराची भीती वाटली."

कानिम्बूनं धाग्याचं टोक सोडलं. मग बोलली ती अगदी हळू, जणू हिशेब नुसता समजून घेत होती.

"चोल्पोनसाठी डबा तिथं हवा होता, तर असू द्यायचा होता. मी काय नाही म्हणाले असते? मला नुसतं सांगायचंस, ओढा ओलांडून दाब. दिवसातनं चार वेळा मी घोड्या दोहायला ओलांडतच होते, सालकिन."

एप्रिलपासून सहा महिने सालकिननं स्वतःशी सतरा वेळा वाद घातला होता, आपलं पोर की मैत्रिणीचं पोर, कुणालाही अवघड जाईल असा वाद. तो वादच खोटा निघाला. दोन्ही पोरं धड राहिली असती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोललं की वाटी का सरकवली हे कळलं असतं, म्हणून ती बोलली नव्हती. स्वतःची अब्रू वाचवायला. तिला शरमेनं भडभडून आलं, पण रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळलं, म्हणून ती ओठ आवळून बसली.

कानिम्बू उठली. पाव चाखल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही हा रिवाज, म्हणून तिनं पावाचा तुकडा मोडला, ओठांना लावला आणि तोंडात टाकला. मग रुमालात बांधलेली पेटी उचलली.

"ही माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली आणि बाहेर पडली. एमिल दाराशी घुटमळला. सालकिनकडे बघून काहीतरी गमतीचं बोलावं असं त्याला वाटलं असावं. तो काठी टेकत आईच्या मागं गेला.

*

आठवा डबा खिंडीत हलवायचं ठरलं. उलान टेकाड चढेल, तरणाताठा आहे. पण जागा नुसत्या गोधड्यांवर ठरत नाही; पलीकडच्या काठावर कुणीतरी पेटी घेऊन उभं राहायला हवं. कोण जाणार, असं सादिरनं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी कानिम्बूकडून उत्तर आलं : मी जाते. माझी पेटी मीच दाबणार.

तिनं पेटी चार्ज केली, पण सादिरच्या सांगण्यावरून बंदच ठेवली. वर पोचल्यावर सुरू करायची, म्हणजे बॅटरी टिकते.

तीन दिवसांनी, दुपारच्या उन्हात, सालकिन आणि सादिर खिंडीत पोचले. कड्यावरून काढून आणलेला डबा सालकिननं दगडांच्या ढिगात रोवला, काठीला चहूकडून दगड दाबले. नखं फुटली तरी सादिरला हात लावू दिला नाही. मग पिशवीतून गावातला संच काढून मांडीवर घेतला. खाली तार-सू चमकत होता. जुन्या गोलावर गवत दाट वाढलं होतं, आणि ओढ्यापलीकडे एक घोडा आणि त्याच्या शेजारी पांढरा रुमाल बांधलेली एक ठिपक्याएवढी बाई.

"आता सुरू करेल बघ," सादिर म्हणाला.

संच वाजला. सालकिननं पडदा डोळ्यांजवळ धरला.

निरोप आजचा नव्हता.

अकरा जुलै, सकाळी नऊ दहा : "एमिल पडला. पाय वाईट. मोटार धाड."

नऊ पंधरा : "सालकिन, मोटार धाड."

नऊ तीस : "सालकिन, तू आहेस ना तिथं?"

पुन्हा वाजला. दहा पाच. हे शब्द कानिम्बूचे नव्हते. "आई उलानकडे निघाली. एजे, कुणीतरी बोला."

अकरा चाळीस : "एजे?"

पेटीनं पोटात धरून ठेवलेलं सगळं एकामागून एक सोडून दिलं. अकरा जुलैला सकाळी आपण कुठं होतो ते सालकिनला आठवलं : त्याच खोलीत, याच संचासमोर, मुरंब्यासाठी जर्दाळू फोडत बसली होती. संच सकाळभर गप्प होता आणि आजचा दिवस किती निवांत आहे असं तिच्या मनात आलं होतं.

"काय म्हणतेय? पोचतंय का?" सादिरनं विचारलं.

संच पुन्हा वाजला. हा आजचा. "आलं का?"

सालकिननं लिहिलं : "आलं. जुलैचेही आले. पाच."

खाली तो ठिपका हलला नाही. घोडा मान खाली घालून चरत होता. वाऱ्यानं काठी जरा कलली, सालकिननं पायानं दगड दाबून धरला. मग उत्तर आलं.

"मग त्यांना उत्तर दे."

सादिर घोड्यांचे पट्टे आवळायला उठला होता. "झालं ना? चल तर, खाली जाऊन चहा टाकू."

"थांबा, आके," सालकिन म्हणाली. ती दगडावर नीट बसली, डोळे बाहीनं पुसले, आणि नऊ दहाचा निरोप पुन्हा पडद्यावर आणला. "पाच उत्तरं द्यायची राहिली आहेत."